फुकट बसण्याचं नीतिशास्त्र

नीतिशास्त्रावरचे ग्रंथ मी फार वाचलेले नाहीत, पण जे थोडेफार चाळले त्यांत एक उणीव मला सतत जाणवत आली आहे. खरं बोलावं की नाही, हिंसा करावी की नाही, दुसऱ्याची वस्तू उचलावी की नाही, यांवर पानंच्या पानं लिहिलेली आहेत. उभं कधी राहावं याचेही नियम ठरून गेलेले आहेत. राष्ट्रगीत लागलं की उभं राहावं, वडीलधारं माणूस आलं की उभं राहावं, आणि बसमध्ये कडेवर मूल घेतलेली बाई चढली की उभं राहावं; निदान डोळे मिटून गाढ झोपेचं सोंग तरी करावं. पण बसावं कुठे, किती वेळ आणि कोणाच्या परवानगीनं, याबद्दल मात्र थोर थोर तत्त्ववेत्ते मूग गिळून बसले आहेत. बसलेच आहेत, हे लक्षात घ्या. म्हणजे सोय त्यांना हवी, जबाबदारी नको.

हा प्रश्न आपल्या घरी पडत नाही. एस. टी. स्टँडवरही पडत नाही, कारण तिथे बाकावर आधीच कोणाचं तरी गाठोडं बसलेलं असतं. इराण्याच्या हॉटेलात तर तो कधीच पडला नाही. संगमरवरी टेबल, काळ्या वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, समोर आरसा आणि एक कप चहा. एवढ्या भांडवलावर माणसानं दोन तास बसावं, देशाचं परराष्ट्र धोरण ठरवावं आणि उठून जावं. इराणी गल्ल्यावरून बघायचा, पण 'ऊठ' म्हणायचा नाही. बसण्याचा भाव तिथे ठरलेला होता आणि तो मध्यमवर्गाला परवडण्यासारखा होता.

हा प्रश्न खऱ्या अर्थानं उभा राहतो तो समुद्रकाठच्या बड्या हॉटेलात. शाळेतल्या गणितासारखा मांडतो. एका हॉटेलाच्या लॉबीत तीस खुर्च्या आहेत. त्यांपैकी सत्तावीस रिकाम्या आहेत. समोर काचेपलीकडे समुद्र आहे. एक मनुष्य, ज्यानं तिथे खोली घेतलेली नाही, चहा मागवलेला नाही आणि मागवायचा विचारही नाही, असा आत येतो. त्याचे पाय दुखत आहेत. कपडे धुतलेले आहेत. तर त्यानं बसावं की नाही? बसल्यास किती वेळ? आणि हा वेळ काढताना चेहरा कसा ठेवावा? शेवटचा उपप्रश्न सर्वांत जास्त गुणांचा आहे.

उत्तर देण्यापूर्वी ती जागा नीट पाहून घेऊ. समुद्रकाठच्या हॉटेलाची लॉबी सजवणारांचा एक लाडका समज असा, की बाहेर खराखुरा समुद्र असताना आतही थोडा असावा. म्हणून एका भिंतीवर मासे पकडण्याचं जाळं टांगलेलं असतं. कोपऱ्यात नांगर असतो, शेताचा नव्हे, गलबताचा. एखादी होडी मधोमध कापून तिचं पुस्तकांचं कपाट केलेलं असतं आणि त्या कपाटात कोणीही वाचू नयेत अशी पुस्तकं ठेवलेली असतात. मध्यभागी पितळेच्या मोठ्या उरळीत पाणी आणि पाण्यात फुलं. तिच्याभोवती कोच. हे कोच इतके सखल की मनुष्य त्यात बसत नाही, उतरतो. आणि साठी उलटलेला गृहस्थ एकदा त्यात उतरला की त्याला वर काढायला कप्पी लागते. वेताच्या खुर्च्या असतात, त्या मात्र शहाणपणाच्या. खाऱ्या दमट हवेत गादीला बुरशी येते, लोखंड गंजतं, कपाटाचे खण फुगून बसतात. वेत आपला हवा आरपार जाऊ देतो आणि टिकतो. समुद्राशी भांडण न करता राहण्याची कला वेताला जमली आहे. मॅनेजरांना ती क्वचित जमते.

मला त्या जाळ्याबद्दल एक नैतिक शंका आहे. जाळं भिंतीवर आहे, होडी कपाटात आहे, नांगर कोपऱ्यात आहे. मग कोळी कुठे आहे? तो खऱ्या जाळ्यासह, म्हणजे जाळ्याच्या वासासह, आत आला तर त्याला कोण बसवणार? आपण एखाद्याची वस्तू शोभेला घेतो आणि त्याला दाराशी थांबवतो, तेव्हा त्या सजावटीला काय म्हणावं? आमच्या घरी पितळी समया दिवाणखान्यात मांडल्या आहेत आणि त्यांत वर्षानुवर्षं तेल पडलेलं नाही, तेव्हा मी फार आवाज चढवू नये, असं हिचं मत आहे. पण समईला दुखत नाही. कोळ्याला दुखू शकतं.

आता खुर्च्यांकडे वळू. खुर्ची ही निर्जीव वस्तू आहे, असा एक गैरसमज आहे. खुर्ची बोलते. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका मनोरुग्णालयात हम्फ्री ऑसमंड नावाचे डॉक्टर होते. १९५७ साली त्यांनी जागांचे दोन प्रकार पाडले : माणसांना एकमेकांजवळ आणणाऱ्या जागा आणि एकमेकांपासून दूर लोटणाऱ्या जागा. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञानं वृद्ध बायकांच्या एका वॉर्डाकडे लक्ष दिलं. वॉर्ड नुकताच सुंदर सजवलेला, रंग नवा, खुर्च्या नव्या. पण खुर्च्या भिंतीला लावून एका रांगेत. त्यामुळे म्हाताऱ्या दिवसभर शेजारी शेजारी बसून समोरच्या शून्यात बघायच्या. सॉमरनं मधे चौकोनी टेबलं मांडली आणि त्यांच्याभोवती खुर्च्या ठेवल्या. सुरुवातीला सगळ्यांनीच कुरकुर केली. काही खुर्च्या आपोआप चालत भिंतीकडे परत गेल्या. पण काही आठवड्यांनी मोजलं तेव्हा बायकांचं आपसांतलं बोलणं जवळजवळ दुप्पट झालेलं होतं. औषध बदललं नव्हतं. खुर्चीचं तोंड बदललं होतं. सॉमरनं या विषयावरचं आपलं पुस्तक १९६९ साली काढलं. ते हॉटेलवाल्यांनी वाचलं असावं, आणि जे करू नका म्हणून त्यात लिहिलं आहे ते पाठ केलं असावं, असं त्यांच्या लॉब्या पाहून वाटतं.

कारण समुद्रकाठच्या लॉबीत सगळ्या खुर्च्यांची तोंडं समुद्राकडे. नाटकाला बसावं तशा. नाटक तर एकच, अंक अनादी काळापासून चालू, मध्यंतर नाही. शेजारी कोण बसलंय हे कळायचं कारणच नाही. आता यावर कोणी म्हणेल, की समुद्र बघायला आलेल्या माणसानं माणसं का बघावीत? प्रश्न रास्त आहे. पण माझा अनुभव असा, की समुद्र दहा मिनिटांत बघून संपतो. म्हणजे समुद्र संपत नाही, आपण संपतो. अकराव्या मिनिटाला मनुष्य शेजाऱ्याकडे वळून 'भरती आहे वाटतं' असं म्हणायला आतुर झालेला असतो, आणि खुर्चीची पाठ अशी उंच की 'वाटतं' पर्यंत वाक्य पोचतच नाही.

आपल्या जुन्या घरांना हे कळलेलं होतं. कोकणातल्या घराला आधी अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर. ओटीवर झोपाळा. रस्त्यानं जाणारा मनुष्य ओटीवर येऊन टेकला तर 'आपण कोण?' हा प्रश्न पाणी दिल्यावर विचारायचा, आधी नाही, अशी रीत. गोव्यातल्या घरांना बल्कांव असतो. दाराबाहेर पायऱ्या चढून गेलं की दोन्ही अंगांना बांधलेले बाक, समोरासमोर. संध्याकाळी घरची मंडळी तिथे बसणार, रस्त्यानं जाणारा शेजारी वर येणार, समोरच्या बाकावर बसणार आणि गावाचं वर्तमानपत्र तोंडी छापून निघणार. ऑसमंडसाहेबांना ज्याला भलामोठा शब्द तयार करावा लागला, ते गोव्याच्या गवंड्यानं दगड-चुन्यात मुकाट्यानं बांधून ठेवलं होतं.

समुद्रकाठची हॉटेलं हल्ली हा बल्कांव हौसेनं उचलतात. तोच बाक, तेच खांब, खिडकीला तेच शिंपल्यांचे पापुद्रे, ज्यांतून उजेड गाळून येतो. फक्त पायऱ्यांखाली रस्ता नसतो, मोटारी उभ्या करायची जागा असते. आणि येणारा जाणारा कोणी वर येत नाही. बल्कांव आहे, शेजारी नाही. समईत तेल नसण्याचाच हा प्रकार.

पण थांबा. जुन्या ओटीचं गुणगान गाताना गळा भरून यायच्या आत एक गोष्ट सांगितली पाहिजे. अंगण, पडवी, ओटी, माजघर ही नुसती घराची रचना नव्हती, ती माणसांची चाळण होती. कोणी माजघरापर्यंत यायचं, कोणी ओटीवर थांबायचं, कोणी पडवीत टेकायचं, आणि कोणी अंगणाच्या कडेलाच उभं राहून हाक मारायची, हे जन्माबरोबर ठरत असे. अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला ओटीचा झोपाळा कसा दिसत असेल, हे झोपाळ्यावर बसून कळत नाही. तेव्हा 'पूर्वी कसं सगळे सगळ्यांकडे बसायचे' हे वाक्य कोण म्हणतंय, हे आधी पाहावं. बहुधा झोपाळ्यावरचाच म्हणत असतो. लॉबीत निदान चाळणीची भोकं पैशाची आहेत. पैसा कधी तरी मिळवता येतो, अशी आशा असते. ही प्रगती आहे की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मी नुसती नोंद करून ठेवतो.

बड्या हॉटेलांची गोष्ट निघाली की अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलाशिवाय पुढे जाता येत नाही. १६ डिसेंबर १९०३ ला ते उघडलं. गेटवे ऑफ इंडिया पुरं झालं १९२४ साली. म्हणजे मुंबईच्या दारात आधी हॉटेल आलं आणि दार एकवीस वर्षांनी बसवलं. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्यांच्या मागं डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज स्थापत्यकारानं काम पुरं केलं. हे हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि ते पाहून स्थापत्यकारानं जीव दिला, ही कथा गाईड लोक आजही डोळ्यांत पाणी आणून सांगतात. ती साफ खोटी आहे. खोल्या समुद्राकडे आणि दार शहराकडे, अशीच मूळ योजना होती. घोडागाड्या शहराच्या बाजूनं येत. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. मला ती जुनी योजना फार विचाराची वाटते. समुद्राकडे सगळ्यांचीच नजर जाते. शहराकडे दार ठेवायला मात्र थोडं मन लागतं.

जमशेटजींना गोऱ्यांच्या एका हॉटेलात प्रवेश नाकारला गेला आणि त्या रागातून त्यांनी ताज बांधलं, हीही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. इतिहासकारांचा तिच्यावर विश्वास नाही. पण लोकांनी ती शंभरावर वर्षं जपली, यातून एक गोष्ट कळते. दारातून परत पाठवलं जाण्याचा अपमान काय असतो, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गोष्ट खोटी असेल, अपमान ओळखीचा होता.

ताजच्या पहिल्या मजल्यावर समुद्राकडे तोंड केलेली चहाची जागा आहे. तिथे वर्षानुवर्षं मुलगा-मुलगी पाहण्याचे कार्यक्रम होत आले आहेत. तिथे खुर्च्या समोरासमोर आहेत, हे वेगळं सांगायला नको. रांगेत बसून लग्नं जुळत नाहीत.

एवढी माहिती गोळा झाल्यावर मूळ गणित मी तीन जाणकारांपुढे ठेवलं. पहिली अर्थात ही. हिनं क्षणात निकाल दिला : "चहा मागवावा आणि बसावं. चहा परवडत नसेल तर कट्ट्यावर बसावं. कट्टा काय वाईट आहे?" या मताला मी स्वाभिमानवाद म्हणतो. त्यात दोष एवढाच, की तिथल्या एका चहाच्या किमतीत कट्ट्यावर आठवडाभर भेळ होते आणि स्वाभिमान दोन्हीकडे सारखाच शिल्लक राहतो.

दुसरे आमचे एक स्नेही. हिशेबतपासनीस होते. ते म्हणाले, "अहो, लॉबी ही जाहिरात आहे. जाहिरात बघायचे पैसे कोणी देतं का? उलट रिकामी लॉबी म्हणजे स्मशान. तुम्ही तिथे बसता म्हणजे तुम्ही सजावटीला हातभार लावता. खरं तर त्यांनीच तुम्हाला बसण्याचे पैसे द्यायला हवेत." मी हसलो, पण त्यांच्या बाजूनं पुरावा आहे. गोव्यात दोनापावलाजवळ चार्ल्स कोरियांनी १९८२ साली सिदाद द गोवा हे समुद्रकाठचं हॉटेल पुरं केलं. त्याच्या भिंतींवर खोटी दारं, खोट्या खिडक्या आणि माणसं रंगवलेली आहेत. पुढच्याच वर्षी पणजीला मांडवीकाठी त्यांची कला अकादमी उभी राहिली. तिथल्या नाट्यगृहाच्या भिंतींवर सज्जे रंगवलेले आहेत आणि सज्ज्यांत मारिओ मिरांदांनी काढलेले प्रेक्षक बसलेले आहेत. हे प्रेक्षक तिकीट काढत नाहीत, खोकत नाहीत, आणि नाटक कितीही पडलं तरी उठून जात नाहीत. आता सांगा, जागेत जीव यावा म्हणून रंगवलेली माणसं बसवावी लागत असतील, तर खरं माणूस फुकट येऊन बसलं, यात नुकसान कोणाचं?

कला अकादमीचं आणखी एक सांगायला हवं. कोरियांनी तिला बंद लॉबी दिली नाही. रस्त्यावरून आलेला मनुष्य मोठ्या छपराखालून, मोकळ्या पडवीतून थेट नदीकाठापर्यंत चालत जाईल, अशी ती जागा त्यांनी आखली. मधे दार नाही. 'कोणाला भेटायचंय?' हा प्रश्न विचारायला मुळात दार लागतं. दारच नसलं की प्रश्न विचारणारा जरा गडबडतो.

तिसरे जाणकार एक वकील. ते म्हणाले, "खुर्ची हॉटेलची. समुद्र मात्र त्यांचा नाही." मग त्यांनी मला पार रोमला नेलं. जस्टिनियन बादशहाच्या इ. स. ५३३ मधल्या कायद्याच्या पुस्तकात असं आहे, की हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा हे निसर्गतःच सगळ्यांचे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ मध्ये हेच सूत्र उचललं. तो खटलासुद्धा एका हॉटेलाचाच होता. मनालीजवळ बियास नदीकाठी एक मोटेल होतं, आणि पुराचं पाणी आपल्याकडे येऊ नये म्हणून मोटेलवाल्यांनी नदीचाच प्रवाह वळवायला घेतला होता. न्यायालयानं सांगितलं, की अशा गोष्टी सरकारच्याही मालकीच्या नाहीत. सरकार जनतेच्या वतीनं त्यांचं विश्वस्त आहे. किनाऱ्यावरच्या बांधकामांना भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत निर्बंध घालणारा आदेश १९९१ सालीच निघाला होता. २०११ आणि २०१९ साली तो पुन्हा नव्यानं लिहिला गेला. "तेव्हा," वकील म्हणाले, "खुर्चीचा मोह सोडा आणि वाळूत बसा. वाळू तुमची आहे." वकिलांचे गुडघे शाबूत आहेत. ज्याचे नाहीत त्याला वाळू आणि खुर्ची यांतला फरक कायद्यापेक्षा जास्त कळतो.

माझ्या आत्याचे गुडघे ऐंशी वर्षांचे आहेत. तिचं माहेर सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यावरच्या गावी. एकदा मी तिला तिकडे घेऊन गेलो होतो. तिच्या लहानपणी घरामागून एक पाणंद निघायची, सुरूच्या बनातून वळसे घेत थेट समुद्रावर जायची. आता त्या ठिकाणी एका हॉटेलाचं कुंपण आहे आणि समुद्रावर जायचा रस्ता पाऊण मैल फिरून आहे. आत्या कुंपणाशी थांबली, वर बघितलं, आणि सरळ हॉटेलाच्या दारातून आत जाऊन पहिल्या खुर्चीत बसली. मागे मी. खुर्च्या मी मोजल्या, एकतीस होत्या. भिंतीवर जाळं होतंच.

दारावर निळ्या गणवेशातला एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा उभा होता. तो वही घेऊन आला. अदबीनं वाकून म्हणाला, "आजी, तुमका कोणाक भेटूचा आसा?"

"दर्याक," आत्या म्हणाली. "दर्याक भेटाक इलंय."

वहीत 'कोणाला भेटायचे' असा रकाना होता. मुलानं क्षणभर विचार केला आणि त्यात 'समुद्र' असं लिहिलं. गाडीच्या नंबराचा रकाना रिकामा सोडला, कारण आम्ही रिक्षानं आलो होतो. सहीच्या जागी आत्यानं सही केली. समुद्राची सही कोणी मागितली नाही.

मग आत्यानं उलटतपासणी सुरू केली. कोकणात ती टळत नाही. "तू खंयचो? कोणाचो झील?" त्यानं वाडी सांगितली, आजोबांचं नाव सांगितलं. आत्याला त्याची पणजी आठवत होती. त्या दोघी एकाच विहिरीवर पाणी भरायच्या. एवढं नातं निघाल्यावर आत्यानं शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मगे बस मरे. उभो कित्याक?"

तो हसला. "आमका बसूक गावणा नाय, आजी."

सकाळी आठ ते रात्री आठ, अशी त्याची पाळी. स्वागताच्या टेबलामागच्या मुलीही उभ्याच होत्या. नेसत्या साड्यांत, उंच टाचांच्या चपलांवर. पाण्याचा ट्रे घेऊन आलेला पोऱ्या भिंतीला पाठ न टेकता, पण टेकल्यासारखा, उभा होता. आत्यानं एकतीस खुर्च्यांवरून नजर फिरवली. "मगे हे खुर्चये कोणासाठी घातलेत?"

"येवचे आसत लोक," तो म्हणाला.

आम्ही अर्धा तास बसलो. लोक काही आले नाहीत. आम्हाला कोणी उठ म्हटलं नाही, पाणीसुद्धा मिळालं. तक्रारीला जागा नाही. पण त्या अर्ध्या तासात माझं गणित पार बदलून गेलं. खोली न घेतलेल्या माणसानं लॉबीत बसावं का, एवढंच इतके दिवस चर्चेला होतं. मी, ही, हिशेबतपासनीस, वकील, आम्ही चौघंही पाहुण्यांच्या बाजूनंच विचार करत होतो. खोलीवाला पाहुणा आणि बिनखोलीचा पाहुणा, एवढाच आमचा वाद. त्याच जागेत बारा तास काढणारी माणसं आमच्या उदाहरणात आलीच नव्हती. आणि ज्यानं ती लॉबी आखली त्याच्या कागदावरही ती नसावीत. कोच आखला, उरळी आखली, जाळ्याचा खिळासुद्धा आखला; दारावरच्या मुलासाठी एक स्टूल आखायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणतो, पण खरं म्हणजे ते ठरवून ठेवलेलं नसतं. उभा नोकर म्हणजे अदब आणि बसलेला नोकर म्हणजे आळस, असं आपण सगळ्यांनी केव्हापासून मानलं कोण जाणे. अंगणाच्या कडेला उभं राहायची जुनी रीतच तर गणवेश घालून आत आलेली नसेल?

हा निव्वळ माझा हळवेपणा नव्हे. केरळात कापडाच्या मोठमोठ्या दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी यासाठी वर्षानुवर्षं भांडण मांडलं. दिवसभर उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही. शेवटी २०१८ साली तिथल्या दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामाच्या जागी बसण्याची सोय ठेवणं मालकांना भाग पडलं. तमिळनाडूनं २०२१ साली तसाच कायदा केला. विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात, चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशात, खुर्ची शेजारी असताना माणसाला त्यात बसता यावं म्हणून विधानसभेत विधेयक मांडावं लागलं. नीतिशास्त्रातल्या उणिवेबद्दल मी सुरुवातीला जे म्हटलं ते आता तुम्हाला पटेल.

आणि याच माणसांबद्दल आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजमध्ये अतिरेकी शिरले, तेव्हा तिथल्या नोकरवर्गानं पाहुण्यांना मागच्या वाटांनी बाहेर काढलं. पाहुण्यांना वाचवताना त्यांच्यातले कितीतरी जण प्राणाला मुकले. कोणाची खोली आहे, कोण नुसतंच जेवायला आलंय, असं त्या रात्री कोणी विचारलं नाही. त्यानंतर सगळ्याच बड्या हॉटेलांच्या दारांत तपासणीच्या चौकटी आल्या, आणि 'कोणाला भेटायचंय?' या प्रश्नाला कारण मिळालं. ते कारण मी हसण्यावारी नेणार नाही. पण जो आपल्यासाठी आपल्या आणि गोळीच्या मधे उभा राहू शकतो, त्याला एरवीच्या दुपारी, लॉबी रिकामी असताना, बसू द्यायला हरकत काय?

तर आता माझं उत्तर. समुद्रकाठच्या हॉटेलात फुकट बसावं का? बसावं. गुडघे दुखत असतील तर जरूर बसावं, चोरासारखं न बसता सरळ पाठीनं बसावं, आणि आपल्यापेक्षा थकलेलं कोणी आलं की उठावं. खोली घेतलेल्यांनीसुद्धा शेवटचा नियम पाळायला हरकत नाही. भाड्यात तो बसतो. आणि लॉबी चांगली की वाईट हे ठरवायचं असेल तर गालिचा बघू नका, जाळं बघू नका, समुद्रही बघू नका. दाराशी जे उभे आहेत त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलेलं आहे का, आणि त्यावर कोणी बसलेलं आहे का, एवढंच बघा. स्टूल आहे पण रिकामं आहे, असं असेल तर ते सजावटीत धरावं, होडीच्या कपाटासारखं.

नीतिशास्त्राच्या पुढच्या ग्रंथकर्त्यांनी हा विषय हाती घ्यावा, अशी माझी नम्र विनंती आहे. एकच अट. बसण्यावरचं प्रकरण त्यांनी उभ्यानं लिहावं, सकाळी आठ ते रात्री आठ. फार लांबणार नाही.